पोहरा मोठा झाला, आड तोच राहिला

जुन्या गाण्यांच्या सीडीवर गायकाच्या नावाखालोखाल ठळक अक्षरांत काय छापलेले असते, तर ‘२४ बिट डिजिटल रीमास्टरिंग’. कुठे जोडीला ‘९६ किलोहर्ट्झ’ असते, कुठे ‘हाय-रेझोल्यूशन’. ध्वनिमुद्रण कोणत्या साली झाले, मूळ तबकडीचा क्रमांक काय, साथीला कोण बसले होते, हे शोधायला भिंग लागते आणि बहुतेक वेळा ते छापलेलेच नसते. या शिक्क्यामागचा दावा जाणते श्रोतेही शंका न घेता मान्य करतात, म्हणून त्याचा प्रतिवाद करणे भाग आहे. दावा असा : जास्त बिट वापरले, सेकंदाला जास्त नमुने घेतले, की जुन्या तबकडीत दडलेला तपशील बाहेर येतो, तो सीडीवर उतरतो, आणि म्हणून ही आवृत्ती मूळ गाण्याच्या अधिक जवळ जाते. यातले पहिले विधान अर्धेच खरे आहे, दुसरे चूक आहे आणि तिसऱ्याच्या बाबतीत पुष्कळदा उलटेच घडते. ठाण्याच्या श्रोत्याने तर यात लक्ष घालायलाच हवे. जनकवी पी. सावळाराम ठाण्यात राहिले, या शहराचे नगराध्यक्ष झाले. वसंत प्रभूंच्या चालींवर लता मंगेशकर आणि आशा भोसले यांनी गायलेली त्यांची गाणी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून घराघरांत गेली. पंडित राम मराठे ठाण्याचेच. त्यांच्या नावाने इथे दरवर्षी संगीत महोत्सव होतो. हा सगळा ठेवा आता पुनःप्रकाशित रूपातच पुढच्या पिढीच्या कानी पडणार आहे. तो कोणत्या रूपात पडतो, हे सीडीवरच्या आकड्यावर सोडून देता येत नाही.

आधी आकड्यांचे पाहू. सीडीचे परिमाण सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी १९८० साली ठरवले आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात पहिल्या सीडी विक्रीला आल्या. सेकंदाला ४४,१०० नमुने (म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ) आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, हे ते परिमाण. ते आजतागायत बदललेले नाही. म्हणजे सीडीवर ‘२४ बिट’ असे छापलेले असले तरी आत १६ बिटच असतात. सीडीत त्याहून जास्त मावतच नाहीत. तो आकडा कार्यशाळेत वापरलेल्या यंत्राचा आहे, तुम्ही विकत घेतलेल्या वस्तूचा नाही. आता हे १६ बिट अपुरे पडतात का? एका बिटामागे साधारण ६ डेसिबल धरले तर सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलांचे अंतर १६ बिटांत मावते. २४ बिटांत १४४. हे अंतर ऐकायचे कुठे? ठाण्यातल्या कोलशेतला जुन्या कारखान्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या एखाद्या मनोऱ्यातली बैठकीची खोली घ्या. रात्री बाराला खिडक्या लावून, पंखा बंद करून बसले तरी खोलीत ३० डेसिबलांच्या आसपास आवाज असतोच. फ्रिज, लिफ्ट, खालून जाणारी रिक्षा. दिवसा घोडबंदर रस्त्याची वाहतूक आणि शेजारच्या भूखंडावरचे बांधकाम धरले तर विचारायलाच नको. त्या ३० च्या वर ९६ चा सगळा पल्ला वापरायचा म्हटले तर आवाज १२६ डेसिबलांवर न्यावा लागेल, आणि १२० च्या पुढे कान दुखू लागतात. १६ बिटांचाच पल्ला कुठल्याही घरात पुरा वापरला जात नाही. उरलेले आठ बिट त्या खोलीत ऐकायचे कुठे?

नमुन्यांच्या संख्येबद्दलचा गैरसमज आणखी खोल रुजलेला आहे. जाहिरातींत एक चित्र असते : मूळ ध्वनिलहर गुळगुळीत आणि सीडीची लहर जिन्याच्या पायऱ्यांसारखी. नमुने वाढवले की पायऱ्या बारीक होतात आणि लहर पुन्हा गुळगुळीत होते, असे त्या चित्रातून सुचवले जाते. हे चित्रच खोटे आहे. नायक्विस्ट आणि शॅनन यांनी मांडलेला सिद्धांत सांगतो की, ज्या कंपनसंख्येपर्यंतचा आवाज टिपायचा तिच्या दुपटीहून जास्त नमुने घेतले, तर त्या मर्यादेतली लहर पूर्णपणे, काहीही न गळता परत उभी करता येते. सीडी-प्लेयरमधून बाहेर पडणाऱ्या लहरीला पायऱ्या नसतात. ४४,१०० नमुन्यांत २२,०५० हर्ट्झपर्यंतचे सारे येते. निरोगी तरुण कानाची धाव २०,००० पर्यंत, आणि पन्नाशीनंतर बहुतेकांना १२-१४ हजारांच्या वरचे फारसे ऐकू येत नाही. जुन्या गाण्यांचा मुख्य ग्राहक याच वयातला आहे, हेही लक्षात घ्यावे.

हे झाले गणित. कानाची साक्ष काय सांगते? अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी केलेली चाचणी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या उच्च क्षमतेच्या माध्यमांवरचे संगीत एकदा जसेच्या तसे आणि एकदा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या चाळणीतून काढून श्रोत्यांना ऐकवले; कोणते कोणते आहे हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि ऐकवणाऱ्यालाही. ५५४ वेळा विचारले, २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी इतकेच आले असते. याला उत्तर म्हणून २०१६ सालचा जोशुआ राईस यांचा अभ्यास पुढे केला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यांनी १८ चाचण्यांमधली साडेबारा हजारांहून जास्त उत्तरे एकत्र केली आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. ज्यांना आधी सराव दिला होता त्यांचे साठ टक्क्यांच्या घरात. म्हणजे फरक अगदीच शून्य नसावा. पण तो किती? शंभरात दोन-अडीच उत्तरे, आणि तीही वीस हजार हर्ट्झच्या वरचा आवाज टिपू शकणाऱ्या आधुनिक साधनांनी केलेल्या मुद्रणांवर, शांत प्रयोगशाळेत. १९३५ सालच्या लाखेच्या तबकडीला हा निष्कर्ष चिकटवता येत नाही. अमेरिकेतल्याच मोबाईल फिडेलिटी या नामांकित कंपनीचे प्रकरण तर अधिक बोलके आहे. तिच्या महागड्या एलपी निखळ अॅनालॉग आहेत, या समजुतीने हौशी श्रोते त्या घेत होते. २०२२ साली उघड झाले की, २०११ पासूनच त्यांतल्या अनेकींच्या निर्मितीत मध्ये एक डिजिटल टप्पा होता. ग्राहकांनी खटले भरले, आणि फसवणुकीचा राग रास्तच होता. पण दहा वर्षे जगातल्या सर्वांत चोखंदळ म्हणवणाऱ्या कानांना तो टप्पा ऐकू आला नव्हता, ही वस्तुस्थिती त्या रागाने बदलत नाही.

आता आडाकडे वळू. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण या विषयासाठीच केलेली वाटते. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला, तेव्हापासून विसाच्या दशकापर्यंत गायक एका भोंग्यासमोर तोंड करून गात असे आणि त्या आवाजाच्या जोरावर सुई मेणात चर कोरत असे. त्या पद्धतीत साधारण २०० ते ३,००० हर्ट्झ एवढाच पट्टा उतरे. पुढे वीज आणि मायक्रोफोन आले, तरी सुरुवातीच्या काळात तो पट्टा पाच-सहा हजारांच्या फार पुढे गेला नाही. लाखेच्या तबकडीची स्वतःची खरखर इतकी की, चांगल्या अवस्थेतल्या तबकडीतही गाणे आणि खरखर यांत साधारण ४० डेसिबलांचे अंतर मिळते. बिटांच्या हिशेबात हे सात बिट झाले. ज्या विहिरीत सात बिट पाणी आहे तिच्यात १६ बिटांचा पोहरा सोडला तरी तो अर्धा रिकामाच वर येतो. २४ बिटांचा सोडला तर जास्तीच्या जागेत फक्त खरखर अधिक बारकाईने भरली जाते. भोंग्यासमोरच्या बालगंधर्वांच्या गाण्यात डग्ग्याचा घुमारा ऐकू येत नाही, कारण तो मेणात उतरलाच नव्हता. गंधर्व नाटक मंडळीत पुढे अहमदजान थिरकवांसारखा तबलावादक आणि कादरबक्षांसारखे सारंगिये होते; त्यांच्या साथीची भरीव नादमयता रंगभूमीवर जशी होती तशी कोणत्याही रीमास्टरिंगमधून परत येणार नाही. ‘खर्ज वाढवला’ म्हणून जी सीडी छाती दणाणून सोडते तिच्यात डग्गा वाढलेला नसतो, तबकडी फिरवणाऱ्या यंत्राची घरघर वाढलेली असते. पन्नास-साठच्या दशकांतल्या टेपवरच्या मुद्रणांची स्थिती पुष्कळ बरी. पण १९६५ नंतर खरखर कमी करणारी डॉल्बीची पद्धत येईपर्यंत तिथेही ६० डेसिबलांच्या आसपासच मजल जाई, आणि तेवढ्याला दहा-अकरा बिट पुरतात.

मग २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ निरुपयोगी आहेत का? नाहीत, आणि इथे विरोधी पक्षाचे म्हणणे मान्य करायला हवे. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुनी मुद्रणे उतरवून घेण्यासाठी जी मार्गदर्शक सूत्रे दिली आहेत त्यांत २४ बिट आणि किमान ४८, शक्यतो ९६ किलोहर्ट्झ असे सांगितले आहे. त्याची कारणे पक्की आहेत. उतरवून घेताना आवाजाची पातळी नेमकी ठरवता येत नाही, तेव्हा वर-खाली मोकळी जागा लागते. नंतरच्या प्रत्येक प्रक्रियेत आकडेमोडीची थोडी थोडी चूक साचते. जास्तीचे बिट ती चूक ऐकू येणार नाही इतकी खाली ठेवतात. तबकडीवरच्या ओरखड्याची ‘टक’ अतिशय क्षणिक असते आणि तिचा वरचा भाग गाण्याच्या कितीतरी वर पोचतो, त्यामुळे जास्त नमुने असले की संगणकाला टक आणि तबल्याची चाट यांतला भेद नीट ओळखता येतो. सुताराचा रंधा चांगला असावा, यात वाद नाही. पण खुर्ची विकताना तिच्या लाकडाबद्दल एक अक्षर न बोलता रंध्याचीच कंपनी सांगितली, तर गिऱ्हाईकाने विचारायला हवे की लाकूड कोणते?

लाकूड म्हणजे मूळ प्रत, आणि सगळा फरक तिथे पडतो. एकाच गाण्याच्या दहा तबकड्या दहा घरांतून गोळा केल्या तर प्रत्येकीचा चर वेगळ्या जागी झिजलेला असतो. जुन्या फोनोच्या लोखंडी सुईने ठरावीक उंचीवर चराच्या भिंती घासलेल्या असतात. जाणकार माणूस मग सुया बदलून पाहतो : रुंद सुई चराच्या वरच्या कडांवर टेकते, अरुंद सुई खाली उतरते, आणि जिथली भिंत लोखंडाने खाल्लेली नाही तिथे सुई बसली की गळा एकदम मोकळा ऐकू येतो. ७८ च्या तबकडीला साधारण ७५ मायक्रॉन गोलाईची सुई लागते, एलपीची सुई त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. एलपीची सुई लावली तर ती चराच्या तळातल्या धुळीतून घासत जाते. तबकडी धुवायची ती पाण्याने. स्पिरिट लावले की लाख विरघळते आणि गाणे कायमचे जाते. पुढे खर्ज आणि टीप यांचा तोल. १९५४ च्या सुमारास बहुतेक कंपन्यांनी एकच प्रमाण स्वीकारले. त्याआधी ज्याचे त्याचे निराळे होते. एलपीसाठी केलेल्या यंत्रातून ७८ ची तबकडी तशीच वाजवली तर वरचे सूर दबतात आणि गायक तोंडावर रुमाल धरून गातोय असे वाटते. यातली एकही गोष्ट बिटांनी सुधारत नाही. मधले छिद्र केसभर बाजूला असले तर तबकडी सेकंदाला सव्वा-एक वेळा डोलते आणि तिच्याबरोबर षड्जही डोलतो. ज्याला हे ठाऊक नाही तो त्या डोलण्याला गायकाचे आंदोलन समजून बसतो.

गतीचा मुद्दा तर आपल्या संगीताच्या मुळाशी जातो. ‘७८’ हे नाव सोयीचे आहे. सुरुवातीच्या तबकड्या सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या थोड्या वरपर्यंत वेगवेगळ्या गतींनी मुद्रित झाल्या. समजा, एक तबकडी मिनिटाला ७४ फेऱ्यांनी मुद्रित झाली आणि सीडीसाठी उतरवणाऱ्याने ती डोळे मिटून ७८ वर फिरवली. गाणे साडेपाच टक्क्यांनी धावते. सव्वातीन मिनिटांचे गाणे तीन मिनिटे पाच सेकंदांत संपते, आणि काळी दोनमध्ये गाणारा गायक जवळजवळ पांढरी तीनमध्ये ऐकू येतो. गळ्याचा पोत बदलतो, पुरुषाचा आवाज कोवळा होतो, तान अवघड वाटू लागते, लय चढी होते. मग याच सीडीवरून कोणीतरी लिहितो की, अमुक गवई त्या वयात उंच पट्टीत गात असत आणि त्यांची द्रुत लय थक्क करणारी होती. गती ठरवण्याचे मार्ग आहेत. एका बैठकीतल्या अनेक तबकड्या एकत्र ताडून पाहता येतात. साथीची पेटी एकच असेल तर तिचा सूर पुरावा देतो. शेवटी गायकाने आपले नाव पुकारले असेल तर बोलण्याचा स्वाभाविक आवाज कानाला सांगतो की यंत्र धावते आहे की रेंगाळते आहे. हे काम माहिती आणि सबुरी मागते. ९६ किलोहर्ट्झवर चुकीच्या गतीने उतरवलेली तबकडी ही अतिशय नेमकेपणाने टिपलेली चूक असते.

ही चूक निदान परतवता तरी येते. स्वच्छतेच्या नावाखाली जे कापले जाते ते मात्र सीडीपुरते कायमचे जाते. खरखर काढणारी संगणकीय पद्धत कशी चालते ते पाहिले की धोका कळतो. गाणे सुरू होण्यापूर्वीचा क्षण घेऊन किंवा सबंध मुद्रणात जे सतत, न बदलता चालू आहे ते हेरून यंत्र त्याला ‘अनावश्यक’ ठरवते आणि सगळीकडून वजा करते. आता विचार करा, आपल्या मैफलीत सतत, न बदलता काय चालू असते? तानपुरा. त्याच्या जवारीतून निघणारे वरचे बारीक स्वर आणि तबकडीची खरखर एकाच पट्ट्यात राहतात. पाश्चात्य संगीतावर घडवलेल्या या साधनांना तानपुरा आणि खरखर यांतला फरक ठाऊक नाही. तो शेजारी बसलेल्या माणसाला ठाऊक असावा लागतो. असा माणूस नसला की तानपुरा विझतो, गायक पोकळीत उभा राहतो, सूर जिथे टेकायचा ती भिंतच काढून घेतली जाते. पाठोपाठ ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धार जाते, कारण तीही वरच्या पट्ट्यात असते. पी. सावळाराम यांच्यासारख्या कवीचा शब्द बोथट झाला तर भावगीतात उरले काय? उलट बीटल्सची सर्व मुद्रणे २००९ साली पुन्हा सीडीवर आली तेव्हा चार वर्षे काम चालले होते. टेप २४ बिट, १९२ किलोहर्ट्झवर उतरवल्या होत्या. तरी ५२५ मिनिटांच्या संगीतात खरखर काढण्याची प्रक्रिया पाच मिनिटांहूनही कमी भागावर केली गेली. ज्यांच्या हाती सर्वांत भारी साधने होती त्यांनी ती सर्वांत कमी वापरली.

‘पण मला फरक ऐकू येतो,’ असे इथे कोणीतरी म्हणेल, आणि ते खोटे नसते. नव्वदच्या दशकातली सीडी आणि नवी ‘२४ बिट’ सीडी एकापाठोपाठ लावली तर फरक नक्की ऐकू येतो. प्रश्न आहे तो कशामुळे. नव्या आवृत्तीत आवाजाची पातळी वर नेलेली असते, आणि एक डेसिबल जास्त मोठा आवाज कानाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो, ही ध्वनितज्ज्ञांची जुनी ओळखीची बाब आहे. पातळी वर न्यायची तर हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर दाबावे लागते. मग अस्ताईतला दबका सूर आणि तारसप्तकातली तान एकाच उंचीवर येतात. राम मराठ्यांसारख्या, आवाज क्षणात उसळवणाऱ्या गायकाचे गाणे अशा दाबाखाली सपाट होते. पहिल्या दोन मिनिटांत हे भरदार वाटते. अर्ध्या तासाने कान थकतो आणि का थकला ते कळत नाही. परीक्षा करायची असेल तर ती सोपी आहे. त्याच नव्या आवृत्तीची २४ बिटांची फाइल मिळवा, कोणत्याही साध्या सॉफ्टवेअरने ती १६ बिट, ४४.१ करा, दोन्हींची पातळी सारखी ठेवा आणि कोणती कोणती हे दुसऱ्याला लपवायला सांगून ऐका. फरक नाहीसा होईल. जो फरक आधी ऐकू आला तो माणसाच्या हाताचा होता, चांगला किंवा वाईट, बिटांचा नव्हता.

म्हणून मागणी एवढीच की, त्या हाताने काय केले ते छापा. आणि हे अशक्य नाही. १९८४ पासून अनेक सीडींवर ‘एएडी’, ‘एडीडी’ अशी तीन अक्षरे असत. मुद्रण, मिश्रण आणि अंतिम प्रत यांपैकी काय अॅनालॉग आणि काय डिजिटल, हे ती सांगत. ती माहिती तोकडी होती, पण ग्राहकाला काही सांगायचे असते ही जाणीव तिच्यात होती. आज चार गोष्टी पुरेत : कोणती तबकडी किंवा टेप वापरली आणि तिचा क्रमांक; मुद्रणाचे साल; कोणत्या गतीने उतरवली; आणि खरखर काढली की नाही. सावळारामांच्या एखाद्या गाण्याचा प्रवास पाहा. आधी ७८ ची तबकडी, मग निवडक गाण्यांची एलपी, मग तिच्यावरून कॅसेट, मग सीडी. सीडी पहिल्या टेपवरून केली की एलपीसाठी बनवलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीवरून? प्रत्येक प्रतीत वरचे सूर थोडे गळतात आणि खरखर थोडी वाढते. तिसऱ्या पिढीची टेप २४ बिटांवर उतरवण्यापेक्षा चांगल्या अवस्थेतली मूळ तबकडी १६ बिटांवर उतरवणे केव्हाही श्रेष्ठ, पण ग्राहकाला यातले काही कळण्याची सोयच ठेवलेली नाही. कायद्याने ही निकड आणखी वाढवली आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. शब्द आणि चालीचे हक्क वेगळे राहतात, पण साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या तबकड्यांवरचे मुद्रण आता कोणीही पुन्हा काढू शकतो. एकाच गाण्याच्या पाच आवृत्त्या बाजारात असतील तर निवडायचे कशावरून? आज एकच आकडा समोर धरला जातो, आणि तोच सर्वांत कमी कामाचा आहे.

याला कंपन्यांच्या बाजूने दोन उत्तरे मिळतात. एक, मूळ टेप राहिल्याच नाहीत, मिळाले त्यावर काम केले. हे खरे असू शकते, आणि तसे असेल तर तसेच छापावे. श्रोता समजून घेईल. शिवाय टेप गेल्या तरी तबकड्या गेलेल्या नाहीत. मुंबईत १९९० पासून तबकडी-संग्राहकांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे. सुरेश चांदवणकरांसारख्या अभ्यासकांनी तिच्या माध्यमातून क्रमांक, साले आणि कलावंत यांच्या नोंदी वर्षानुवर्षे जुळवल्या. ज्ञान उपलब्ध आहे, ते विचारायला जाण्याची तयारी हवी. दुसरे उत्तर असे की, तरुण श्रोता खरखर सहन करत नाही, त्याला गुळगुळीत आवाज लागतो. यात तथ्य आहे, आणि टकटक काढायला कोणाचीच हरकत नसावी. पण कॅसेटच्या काळात हाच युक्तिवाद करून जुन्या गाण्यांवर ‘झंकार बीट्स’चा जादा ठेका चढवला गेला होता. श्रोत्याचा कान खरखरीच्या आतून गाणे ऐकायला दोन-तीन तबकड्यांत शिकतो. कापून टाकलेला तानपुरा ऐकायला तो कधीच शिकू शकत नाही. ज्यांना धास्ती वाटते त्यांनी दोन्ही रूपे द्यावीत. सीडीत ७४ मिनिटे मावतात आणि एक जुनी तबकडी तीन-साडेतीन मिनिटांची. जागेची सबब इथे चालणार नाही.

सीडी मागे पडली म्हणून हा वाद मिटलेला नाही. तोच शिक्का आता फोनवर आला आहे. गाण्याच्या नावाशेजारी ‘हाय-रेझ लॉसलेस’ लिहिलेले असते आणि ते गाणे ब्लूटूथच्या इअरफोनमधून ऐकताना वाटेतच पुन्हा दाबले जाते. आकडे वाढत राहतील. इकडे ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या घरांत, गायन समाजांच्या कपाटांत, मैफलींच्या स्पूल टेपा आणि लाखेच्या तबकड्या पडून आहेत. खाडीकाठची दमट हवा त्यांच्यावर बुरशी चढवते आहे; काही टेपांचा लेप चिकट होऊन सुटतो आहे, आणि तो एकदा यंत्रात गळून पडला की पुन्हा उतरवायला काही शिल्लक राहत नाही. पैसा आणि कष्ट तिथे गेले पाहिजेत. असा संग्रह ज्यांच्याकडे आहे त्यांनी आज निदान एवढे करावे : प्रत्येक तबकडीचा लेबलवरचा आणि लेबलशेजारी लाखेत कोरलेला क्रमांक वहीत उतरवावा, टेपच्या डब्यावर मैफलीची तारीख, जागा आणि साथीदार लिहावेत, आणि डबे जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवावेत. आणि ‘२४ बिट’ आवृत्ती विकत घेणाऱ्याने प्रकाशकाला लिहून विचारावे की, हे गाणे कोणत्या तबकडीवरून, कोणत्या गतीने घेतले आहे. उत्तर येईपर्यंत घरातली जुनी सीडी टाकून देऊ नये.